गार मशीनची मोजणी

ऑफिसात त्यांना सगळे वहिनी म्हणत. साहेबलोकही वहिनी म्हणत आणि फाटकावरचा वॉचमनही. कारण अगदी साधं होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचे यजमान आधीपासून तिथल्या हिशेबखात्यात होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून भाऊंची बायको ती वहिनी. पुढे भाऊंनी नोकरी सोडली आणि मोटार शिकवायचा क्लास काढला. भाऊ गेले, वहिनी राहिल्या. नव्याने लागलेल्या पोरांना वाटायचं, वहिनी हे कुठलंतरी पदच असावं, मॅनेजरच्या खाली आणि प्रोग्रामरच्या वर. आणि खरं सांगायचं तर तसं ते होतंही.

कंपनीचा धंदा लिफ्ट बसवायचा आणि दुरुस्त करायचा. शहरभर कुणाची लिफ्ट मधेच अडकली की फोन इथे यायचा, मग तक्रार नोंदवायची, जवळचा मेकॅनिक शोधायचा, लागेल तो सुटा भाग स्टोअरमधून काढून द्यायचा. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते वहिनींच्या हातचं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं. त्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय ते त्यांना अंधारातही सापडलं असतं. आता एवढी लिफ्टची कंपनी, पण ऑफिसची स्वतःची लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद असायचीच. "आपलं घर शेवटी," असं मेकॅनिक म्हणायचे आणि हसून जिन्याने चढायचे.

मग कंपनीने त्याच धंद्यातली दुसरी एक कंपनी आपल्यात घेतली. तिकडची माणसं सामानसुमानासकट वरच्या मजल्यावर राहायला आली. त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'पाहुणे' पडलं. पाहुण्यांचंही स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, पण ते डॉटनेटमध्ये. जावा आणि डॉटनेट ही दोन मोठी घराणी. मोठाल्या कंपन्यांची कामं दोन्हींत होतात, दोन्ही भक्कम, दोन्हींना मानणारी माणसं आपापल्या जागी ठाम. बाहेरच्याला विचाराल तर दोन्हींत फारसा फरक दिसणार नाही. आतल्याला मात्र दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा पाणचट लागतो.

दोन सॉफ्टवेअर किती दिवस सांभाळणार? दोन्ही मोडून नवं एकच बांधायचं ठरलं. ते जावात बांधायचं की डॉटनेटमध्ये, हा प्रश्न आला. आणि तो नुसता यंत्राचा प्रश्न नव्हता. ज्याचं घराणं निवडलं जाईल त्यांची टीम नवं काम करणार. उरलेल्यांनी जुनं बंद होईपर्यंत सांभाळायचं आणि मग आपापलं बघायचं. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण जिन्यावर माणसं एकमेकांना बघून हसायची ते हसणं बदललं.

दोन्ही टीमच्या वर ज्या मॅडम होत्या, त्या हुशार. त्या म्हणाल्या, "मला भाषणं नकोत. दोन्ही टीमनी एकच छोटं काम बांधायचं. तक्रार नोंदवा, मेकॅनिक नेमा, सुटा भाग काढा. एवढंच. मग दोन्ही शेजारी ठेवून बघू."

पाहुण्यांच्या टीमचे प्रमुख पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून त्यांना सर म्हणत. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारे. त्यांच्या हाताखाली जी बाई डेटाबेसचं काम बघायची तिला डॉक्टरीण म्हणत. कुणाचाही कोड आजारी पडला की तो तिच्याकडे न्यायचा. ती डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "कधीपासून होतंय असं?" घरी लहान मूल, रोज जागरण, पण हात असा की दोन वेळा लिहावं लागायचं नाही.

दोन्हीकडचं बांधून झालं. किती दिवसांत झालं, बदल करायला किती सोपं, पुढे माणसं मिळतील का, सगळ्यांत दोघं बरोबरीने. राहिला होता वेग. एकदम भरपूर तक्रारी आल्या तर कोण किती भराभर निपटतं, ते मोजायचं होतं. मोजायचं मशीन वहिनींच्या खोलीत.

"मोजणी तुम्हीच करा वहिनी," सर म्हणाले. "मशीन तुमचं, हात तुमचा बसलेला."

"आणि मी माझ्याच बाजूने मोजलं तर?"

"तर देव बघून घेईल. तुम्ही त्याच्या जवळच्या. रोज सकाळी भेटता म्हणे." वहिनी कॉम्प्युटर चालू करायच्या आधी क्षणभर डोळे मिटून बसत. ते वरच्या मजल्यापर्यंत पोचलं होतं तर.

वहिनींनी मनापासून मोजलं, हे आधीच सांगायला हवं. कुणावर अन्याय नको म्हणून त्या दर मोजणीच्या आधी मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायच्या. आधीच्याचं काही उष्टं-खरकटं पुढच्याच्या ताटात नको. एकदा जावा, एकदा डॉटनेट, पुन्हा जावा. निकाल दर वेळी तोच. डॉटनेटला जवळजवळ दुप्पट वेळ. वहिनींना आनंद झाला, तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. रिपोर्ट मॅडमना गेला, सरांना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी इस्त्री करत होत्या. भाऊ बनियनवर मागे उभे.

"नेहमी माझाच शर्ट पहिला का गं?"

"मग काय झालं?"

"काय झालं काय? इस्त्री तापायच्या आत माझा शर्ट, आणि चांगली तापली की तुझी साडी. लोकांना वाटतं ड्रायव्हिंगवाल्याला बायको नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लग्नाआधी तरी कोण करत होतं रे तुझ्या शर्टाला इस्त्री? गादीखाली घालून झोपायचास."

भाऊ हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा हात शर्टाच्या बाहीवर थांबला तो थांबलाच.

"अगं जळेल!"

ते काय झालं होतं, ते असं. जावा काय आणि डॉटनेट काय, दोन्हींची तऱ्हा एक. नुकतं चालू केलं की सुरुवातीला अडखळत चालतात. कुठलं काम पुन्हा पुन्हा येतंय ते बघतात, तेवढा भाग मशीनला सोयीचा करून घेतात आणि मग पळायला लागतात. या धंद्यातला कुणीही त्याला मशीन गरम होणं म्हणतो. वहिनींनी फार पूर्वी, सकाळी शाखांमधून "चालत नाही, हळू चालतंय" अशी बोंब यायची म्हणून, जावा चालू होतानाच शेदोनशे खोट्या तक्रारी आपोआप टाकायची सोय करून ठेवली होती. कुणी नसलेल्या इमारतीत नसलेली लिफ्ट अडकायची, नसलेला मेकॅनिक जायचा, आणि खरी माणसं कामावर येईपर्यंत मशीन गरम झालेलं असायचं. ही सोय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती आहे हेच त्या विसरल्या होत्या. या मोजणीतही त्यांनी जावा आपल्या नेहमीच्याच पद्धतीने चालू केलं. म्हणजे जावा दर वेळी तापून मैदानात, आणि डॉटनेट दर वेळी थंडगार. त्यात अन्याय नको म्हणून मशीन दर वेळी बंद करून, त्याला उरलीसुरली ऊबही लागू दिली नाही.

वहिनींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. त्या तशाच लवकर ऑफिसला गेल्या आणि जिना चढून थेट मॅडमच्या केबिनमध्ये शिरल्या. सांगायचंच होतं. अगदी शपथेवर.

"या, या. वाचला रिपोर्ट," मॅडम म्हणाल्या. "सुटले मी एकदाची. वरती रोज विचारत होते. तुमच्या मुलांनाही सांगा, निवांत झोपा म्हणावं. मीटिंगमध्ये शिक्कामोर्तब होईल तेवढंच."

वहिनींच्या डोळ्यांसमोर त्यांच्या खोलीतली पोरं आली. एकाचं लग्न ठरलेलं, एकीचे वडील अंथरुणाला खिळलेले. पोरं कसली, आता सगळी बाप्ये-बाया झालेली, पण त्यांनी हाताला धरून शिकवलेली. "बरं," म्हणून त्या बाहेर आल्या.

मग मनाने वकिली सुरू केली. मुद्दाम केलं का मी? नाही. वेग ही एकच गोष्ट आहे का? नाही. त्यांनी तरी विचारायला नको होतं का, कसं मोजलं म्हणून? सरांसारखा शिकलेला माणूस, त्याला कळू नये? दुपारपर्यंत वकील जिंकत आला होता. पण सकाळी कॉम्प्युटर लावायच्या आधी रोजच्यासारखं देवाचं नाव घेऊन बसल्यावर तो कुठे तोंड लपवायचा कोण जाणे. वहिनी हात जोडायच्या आणि मागणं सुचायचं नाही. जे मागायचं ते आधीच घेतलेलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या ताटातलं. दोन-तीन दिवसांनी त्या डोळे उघडे ठेवूनच बसायला लागल्या.

"तुझं काही बिनसलंय का?" भाऊंनी विचारलं.

"ऑफिसचं आहे."

"अगं मग सोड. मी सोडलं, बघ कसा मस्त आहे. दिवसभर लोक माझ्या अंगावर गाडी घालतात, पण झोप लागते."

एकदा त्यांना वाटलं, भाऊंना सांगून टाकावं. पण भाऊ म्हणाले असते, "मग सांगून ये ना उद्या." एवढं सोपं उत्तर त्यांना ऐकायचं नव्हतं.

मीटिंग पुढे पुढे ढकलली जात होती. त्या काळात सर एकदा वहिनींच्या खोलीत आले. दाढी वाढलेली. खुर्ची ओढून बसले आणि विद्यार्थ्यासारखं विचारलं, "वहिनी, लपवू नका. तुमचं इतकं पळतं कसं?"

तो क्षण वहिनींना देवाने हातात आणून दिला होता. दार उघडं, माणूस समोर, प्रश्न नेमका तोच.

"सवयीचं असतं," वहिनी म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली ना."

सरांनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालं, आणि तेच वाईट झालं. "खरंय," ते म्हणाले. "आम्हीच कुठेतरी कमी पडतोय. शोधतो."

खोटं बोलल्या का वहिनी? तसं एकही अक्षर खोटं नव्हतं. सवयीनेच तर झालं होतं सगळं. पण खऱ्या शब्दांनी एवढं मोठं खोटं सांगता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि आपल्याला ते इतक्या सहज जमलं याची त्यांना किळस आली.

त्यानंतर काही दिवसांनी लिफ्ट बंद होती आणि वहिनी जिना चढत होत्या. मधल्या वळणावर सर खिडकीपाशी उभे होते. हातात रिकामा कप.

"डॉक्टरीण चालली," ते आपणहून म्हणाले. "राजीनामा दिला काल."

"का?"

"माझ्यामुळे." सर खिडकीबाहेर बघत होते. "तुमचा रिपोर्ट आल्यावर मी सगळं तपासायला घेतलं. वेळ जातो तो डेटाबेसपाशीच जात असणार असं मला वाटलं. ते काम तिचं. मी तिला म्हटलं, पुन्हा लिही. तिने लिहिलं. तरी फरक पडेना. पुन्हा म्हटलं. मग एकदा सगळ्यांसमोर बोललो, घरचं जागरण ऑफिसात आणू नका म्हणून. मी असं कधी कुणाला बोललो नव्हतो वहिनी. मग तिचं काम काढून मी स्वतः लिहायला बसलो. आता ते तिच्याहूनही हळू चालतं." ते हसले, पण ते हसणं ऐकवेना. "तिचा हात कसा आहे मला माहीत होतं. आणि तरी."

वहिनी उरलेली पायरी चढून त्यांच्यासमोर आल्या.

"सर, तिचं काही चुकलं नव्हतं."

"ते तुम्ही मनाच्या चांगुलपणाने म्हणताय."

"नाही हो. चांगुलपणा कसला? मी गार मशीनवर मोजलं तुमचं." आणि मग वहिनींनी सगळं सांगितलं, त्या खोट्या तक्रारी, ती बंद-चालू, मॅडमच्या केबिनमधलं ते 'बरं'. खालून कुणीतरी चढत आलं, "काय वहिनी, सभा भरलीय का जिन्यात?" म्हणत पुढे गेलं. वहिनी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही त्या दिवशी विचारायला आलात तेव्हा मला माहीत होतं."

सरांनी ओरडावं अशी वहिनींची फार इच्छा होती. पण ते नुसतं म्हणाले, "गरम केलं नव्हतं होय." मग, "मला कसं सुचलं नाही? कॉलेजात पोरांना मी स्वतः शिकवायचो हे. तुम्ही मोजलंय म्हटल्यावर मी ते दार ठोठावलंच नाही." आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "मी त्या बाईला काय काय बोललो हो."

तिथून दोघं तडक मॅडमकडे गेले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि वहिनींकडे असं पाहिलं, जसं आपण वर्षानुवर्षं वापरलेल्या कुलपाकडे ते नुसत्या हिसक्याने उघडल्यावर बघू.

"तुम्ही, वहिनी?"

"हो. मीच."

"आणि इतके दिवस?"

"इतके दिवस."

पुन्हा मोजायचं ठरलं, या वेळी दोन्ही टीमसमोर. सरांनी स्वतःचं लिहिलेलं बाजूला सारून डॉक्टरिणीचं मूळ काम परत आणलं. आधी दोघं गार ठेवून मोजलं, मग दोघं गरम करून. वहिनींची पोरं मागे उभी होती. आकडे येत गेले तसं त्यांच्यातलं एकेक जण वहिनींकडे बघून नजर खाली घालत होतं. दोघं बरोबरीला आले. डॉटनेट केसभर पुढेच, पण तेवढं सोडून द्यावं इतपत.

वहिनींना वाटलं, सुटले. आता निदान निवाडा तरी सरळ होईल.

मॅडमनी दोन दिवस घेतले आणि दोघांना बोलावलं. "यंत्रं सारखी आहेत," त्या म्हणाल्या. "मग मी माणसं बघणार. नवं काम उभं करायचं तर डेटाबेसवर भक्कम माणूस हवा. सर, तुमचं ते माणूस गेलं. तिला परत बोलवा म्हटलं मी, स्वतः फोन केला. तिने दुसरीकडे शब्द दिलाय. तिच्या जागी कुणी मिळून तयार होईपर्यंत मला थांबता येत नाही. वहिनींकडची टीम पूर्ण आहे. जावात करू."

"मॅडम, पण ती गेली ती माझ्या..." वहिनी म्हणाल्या.

"मला माहीत आहे ती कशाने गेली," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला बक्षीस देत नाहीये वहिनी. मला लिफ्ट चालू ठेवायच्यात."

सर म्हणाले, "बरोबर आहे." ते खरंच बरोबर होतं, म्हणून वहिनींना भांडायलाही जागा राहिली नाही. आधी लबाडीने मिळालेलं आता कायद्याने मिळालं. खरं बोलायला उशीर केला तेवढ्या दिवसांनीच निकाल लावला होता. सर जुनं सॉफ्टवेअर बंद होईपर्यंत थांबणार, पुढचं पुढे.

खोलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने पाण्याची बाटली भरून आणून वहिनींच्या टेबलावर ठेवली. एवढंच.

डॉक्टरीण ओळखपत्र आणि लॅपटॉप परत करायला आली तेव्हा वहिनींना खालून निरोप आला. त्या पायऱ्या दोन दोन करत उतरल्या. ती काउंटरपाशी सही करत होती. खांद्यावर मुलाची पिशवी, पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती.

"दोन मिनिटं थांबशील का गं?"

"बोला ना वहिनी."

वहिनींनी घोकून आणलेलं सगळं विसरायला झालं. "तुझ्या कामात काही खोट नव्हती. माझी मोजणी चुकली. सरांना सांगितलंय, मॅडमना सांगितलंय, सगळ्यांसमोर पुन्हा मोजलं. तुझंच आणून लावलं तेव्हा बरोबर आलं."

"हो, सरांचा फोन आला होता," डॉक्टरीण म्हणाली. "खूप रडले ते." मग तिने पेन टोपण लावून ठेवलं. "मला तेव्हाच शंका आली होती. मी म्हटलं होतं सरांना, मोजणी एकदा बघूया का? तर म्हणाले, वहिनींनी मोजलंय."

वहिनींची नजर पिशवीतल्या बाटलीकडे गेली.

"मग मीही विचारायचं सोडलं. रात्री मूल रडायला लागलं की मला वाटायचं, खरंच आता आपल्याला जमत नाही की काय. ते एक नको होतं व्हायला." तिच्या आवाजात राग नव्हता. 'कधीपासून होतंय असं?' विचारताना असायचा, तसलाच आवाज. "तुम्हाला कधी कळलं?"

इथे 'परवाच' म्हणता आलं असतं. तिने कुणाला जाऊन विचारलं नसतं.

"रिपोर्ट दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरिणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मनात ती दिवस जुळवत असावी, कुठल्या दिवशी सर काय बोलले आणि त्या दिवशी वहिनी कुठे होत्या.

"माफ कर म्हणायला मला तोंड नाही."

"मग नका म्हणू," डॉक्टरीण म्हणाली. तिने पिशवीचा पट्टा सारखा केला, बाटली आत ढकलली. "येते. मूल पलीकडे आईजवळ ठेवून आलेय."

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "वहिनी, वर तुम्हाला शोधतायत. नव्या कामाला बसायचंय म्हणे, तुमच्या हातून सुरुवात करायचीय."

काचेच्या दारातून डॉक्टरीण रस्ता ओलांडताना दिसत होती. ती पलीकडे जाऊन दिसेनाशी होईपर्यंत वहिनी उभ्या राहिल्या. मग वर गेल्या. पोरांनी त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवली होती. वहिनी बसल्या, डोळे मिटले नाहीत, आणि पहिली ओळ लिहायला घेतली.